आधी खडक, मग जीव : एडियाकरन जीवाश्मांचा अभ्यास कसा करायचा

डिकिन्सोनिया या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या, लंबगोल एडियाकरन जीवाश्माचा फोटो पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, हा नेमका कोणता प्राणी? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण अभ्यासाची सुरुवात तिथून केली की गाडी रुळावरून घसरते. त्या काळातल्या बहुतेक जीवांना हाडं नव्हती, कवच नव्हतं, दात नव्हते. वाळूत किंवा राखेत उमटलेला ठसा तेवढा आपल्या हाती आहे. तो दगडाच्या कोणत्या बाजूला उमटला आणि उमटेपर्यंत जीव किती कुजला होता, हे कळल्याशिवाय त्याच्या शरीराबद्दल काहीच खात्रीने बोलता येत नाही. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. आधी खडक, मग ठसा, मग मोजमाप, आणि नाव सगळ्यात शेवटी.

यासाठी लगेच परदेशातल्या एखाद्या कड्यावर जायची गरज नाही. अनेक संग्रहालयांनी आपल्या नमुन्यांची त्रिमितीय मॉडेल्स इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, आणि बऱ्याच शोधनिबंधांत उत्तम फोटो असतात. एक टॉर्च, भिंग, मोजपट्टी, वही आणि संगणक एवढ्यावर पहिलं वर्षभराचं काम सहज होतं.

पहिली पायरी : काळाची चौकट पक्की करा

एडियाकरन कालखंड ६३.५ कोटी ते ५३.८८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००४ साली त्याला भूशास्त्रीय कालमापनात अधिकृत स्थान मिळालं. त्याच्या सुरुवातीची प्रमाण जागा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत, एनोरमा क्रीक इथे आहे. शेवटची सीमा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्युन हेडला ठरवली आहे. तिथे ट्रेप्टिक्नस पेडम नावाची, गाळात फांद्या फुटल्यासारखी जाणारी बिळाची खूण दिसू लागते आणि कँब्रियन हा पुढचा कालखंड सुरू होतो.

मोठे जीवाश्म बहुतेक या कालखंडाच्या उत्तरार्धात सापडतात. अभ्यासक त्यांचे ढोबळ तीन समूह करतात. अ‍ॅव्हलॉन समूह सुमारे ५७.५ ते ५६ कोटी वर्षांपूर्वीचा, खोल समुद्रातला, पानासारख्या उभ्या जीवांचा. व्हाइट सी समूह ५६ ते ५५ कोटींचा, उथळ समुद्रातला आणि सगळ्यात वैविध्यपूर्ण. डिकिन्सोनिया, किंबरेला, तीन हात वळलेलं ट्रायब्रॅकिडियम हे सगळे त्यातले. नामा समूह त्यानंतरचा, कँब्रियनच्या उंबरठ्यापर्यंतचा. क्लाउडिनासारखे कवचाच्या नळ्या बनवणारे जीव यात येतात. नमुना कुठल्या समूहातला हे आधी वहीत लिहा, म्हणजे त्यात काय दिसणं अपेक्षित आहे आणि काय दिसलं तर दचकायला हवं, हे लगेच कळतं.

एडियाकरन जीवांना अनेकदा ‘सर्वांत जुने गुंतागुंतीचे जीव’ म्हटलं जातं, तसं म्हणताना आपण नक्की काय म्हणतो आहोत हेही इथेच ठरवून टाका. केंद्रक असलेल्या पेशी आणि अनेक पेशींचं शरीर एवढाच निकष लावला तर आपण फार मागे जातो. चित्रकूटच्या विंध्य खडकांत, फॉस्फेटमध्ये जतन झालेले सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म धागे आणि गुच्छ सापडले. स्वीडनमधल्या अभ्यासकांनी २०१७ साली ते तांबड्या शैवालाचे म्हणून प्रसिद्ध केले आणि त्यांना राफाटाझ्मिया व रामाथॅलस अशी नावं दिली. आर्क्टिक कॅनडातलं बँगिओमॉर्फा हे तांबडं शैवाल सुमारे १०५ कोटी वर्षांचं. या लेखात मात्र आपण डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या शरीरांपुरतं बोलतो आहोत.

काळाची चौकट चुकली की काय होतं हे या विषयाच्या इतिहासातच दिसतं. १९४६ साली भूशास्त्रज्ञ रेजिनाल्ड स्प्रिग यांना ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत हे ठसे दिसले. त्यांनी ते कँब्रियनच्या सुरुवातीचे जेलीफिश समजले, कारण त्याआधी मोठे जीव नव्हतेच असं सगळे मानत होते. दहा वर्षांनी इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर पानासारखा ठसा दिसला. त्या खडकात जीवाश्म असूच शकत नाहीत, असं उत्तर तिला मिळालं. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच ठसा दिसला. त्याच्या वडिलांमार्फत बातमी लेस्टर विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत पोचली आणि १९५८ मध्ये त्याचं चार्निया मेसोनी असं नामकरण झालं. चार्नवुडचे खडक कँब्रियनपूर्व आहेत याबद्दल वाद नव्हता. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या ठशांकडेही सगळ्यांना नव्याने पाहावं लागलं.

दुसरी पायरी : ठसा दगडाच्या कोणत्या बाजूचा?

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या बहुतेक गफलती इथल्या घाईतून होतात.

फ्लिंडर्स पर्वतरांगेतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. उथळ समुद्राच्या तळाशी सूक्ष्मजीवांची जाड चटई पसरलेली होती. तिच्यावर डिकिन्सोनियासारखे जीव पडून असायचे. वादळात वाळूचा थर येऊन त्यांच्यावर बसायचा. जीव कुजेपर्यंत त्या वाळूचा तळाचा पापुद्रा घट्ट व्हायचा. हे घट्ट होणं लोहाच्या सल्फाइडमुळे की समुद्राच्या पाण्यातल्या सिलिकामुळे, यावर आजही वाद आहे. पहिल्या कल्पनेला ‘मृत्यूचा मुखवटा’ म्हणतात आणि ती जिम गेलिंग यांनी मांडली. नंतर शरीर नाहीसं व्हायचं आणि खालची मऊ वाळू वर सरकून ती पोकळी भरायची. म्हणजे तिथला ठसा वरच्या लादीच्या तळाला असतो. म्हणूनच फ्लिंडर्समधल्या निल्पेना इथे अभ्यासक लाद्या उचलून उलट्या करतात, तुकडे जुळवून मांडतात आणि समुद्रतळाचा मोठा सलग भाग खालून वाचतात.

न्यूफाउंडलंडच्या मिस्टेकन पॉइंटला नेमकं उलट. तिथे खोल समुद्रतळावर ज्वालामुखीची राख पडली आणि पानासारखे जीव होते तिथेच आडवे होऊन तिच्याखाली गाडले गेले. राखेचा थर झिजून गेला की ठसे खालच्या चिखलाच्या खडकाच्या माथ्यावर उघडे पडतात. नामिबियात काही जीव वाळूच्या लोंढ्यात सापडून लादीच्या पोटातच तिन्ही मितींत जतन झाले. काही ठिकाणी तर जीवाची फक्त बूड टेकवणारी चकती शिल्लक आहे, वरचं पान गेलेलं. चीनच्या वंगआन भागात फॉस्फेटमध्ये पेशीपेशी दिसतील इतके सूक्ष्म गोळे टिकले आहेत, आणि लँटियन भागात कार्बनचा काळा पापुद्रा. एकाच जीवाचा ठसा या प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसला असता.

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, हाताने करून पाहावं लागतं. मॉडेलिंगची मऊ माती सपाट थापा. तिच्यावर साधारण बोटभर जाडीची एक टणक चपटी वस्तू ठेवा आणि वरून पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. सुकल्यावर प्लास्टर उलटं करून वस्तू काढा. तळाला खड्डा दिसेल. आता दुसरा प्रयोग. तीच वस्तू मातीत दाबा, उचलून घ्या, आणि मग त्या खळग्यावर प्लास्टर ओता. या वेळी प्लास्टरच्या तळाला उंचवटा येईल. पहिला खड्डा हा शरीराचा ठसा. दुसरा उंचवटा म्हणजे जीव तिथे बसून पुढे गेल्याची खूण.

रशियातल्या व्हाइट सीच्या कड्यांत आणि ऑस्ट्रेलियात यॉर्गिया व डिकिन्सोनिया यांच्याबाबतीत हेच दिसतं. लादीच्या तळाला एकाच आकाराच्या फिकट उंचवट्यांची रांग असते आणि रांगेच्या टोकाला खोलगट, स्पष्ट शरीर. उंचवटे या जीवाने चटईवर बसून, ती खाऊन किंवा पचवून सोडलेल्या जागा, आणि टोकाचा खड्डा तो स्वतः. खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला हे न पाहणाऱ्याला तिथे सारख्याच आकाराचे बरेच जीव दिसले असते. पाहणाऱ्याला एकच जीव दिसतो, आणि तो हलत होता हेही कळतं.

तेव्हा प्रत्येक नमुन्यापुढे आधी दोन गोष्टी लिहा. ठसा लादीच्या माथ्यावर की तळाला, आणि उठावाचा की खोलगट. फोटोखाली ही माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ असं लिहा, अंदाजाने भरू नका. संग्रहालयांत अनेकदा मूळ दगडाऐवजी साच्यातून काढलेली प्रत असते. प्रतीत खोलगट भाग उठावाचा झालेला असू शकतो, म्हणून तेही विचारून घ्या.

तिसरी पायरी : उजेड तिरपा हवा

या ठशांची खोली बहुतेक वेळा एखाद-दोन मिलिमीटर असते, कधी त्याहूनही कमी. भर दुपारच्या उन्हात किंवा कॅमेऱ्याच्या समोरच्या फ्लॅशमध्ये ते दिसतच नाहीत. गिलावा केलेल्या भिंतीचा खडबडीतपणा जसा कलत्या उन्हातच नजरेत भरतो, तसंच इथे आहे. टॉर्च पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचा कोन करून धरा आणि किमान चार दिशांनी फिरवा. एका दिशेच्या उजेडात त्याच दिशेने जाणाऱ्या रेषा दिसेनाशा होतात. एकच फोटो पाहून ‘इथे खंड (शरीराचे एकापुढे एक असलेले भाग) नाहीत’ असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

फोटो काढताना कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात ठेवा, मोजपट्टी चौकटीत येऊ द्या, आणि उजेड डावीकडून वरून टाका. हा संकेत पाळण्याला कारण आहे. उजेड खालून आला की आपला मेंदू खड्ड्याला उंचवटा समजतो, आणि दुसऱ्या पायरीवरचं सगळं काम उलटं होतं. उजेडाची दिशा बाणाने फोटोवरच नोंदवा.

याच तत्त्वावर एक फार उपयोगी तंत्र उभं आहे. कॅमेरा स्थिर ठेवायचा, चौकटीत एक चकचकीत गोळी ठेवायची आणि दिवा वेगवेगळ्या जागी नेत पन्नासेक फोटो घ्यायचे. गोळीवरच्या चमकेवरून संगणक दर फोटोतल्या उजेडाची दिशा काढतो. मग पडद्यावर आपल्याला हवा तिथून उजेड टाकून तो पृष्ठभाग पुन्हा पुन्हा पाहता येतो. याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. चार्नवुड आणि न्यूफाउंडलंडच्या पानांमधली बारीक फांद्यांची रचना समजायला या तंत्राची फार मदत झाली आहे.

चौथी पायरी : काढा, मोजा, मग ताण काढून टाका

फोटोवर समाधान मानू नका, चित्र काढा. हात चालला की डोळा थांबतो आणि ‘ही रेषा खरंच मध्यापर्यंत जाते का?’ असे प्रश्न पडायला लागतात. चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या कडा अखंड रेषेने काढा, शंकास्पद कडा तुटक रेषेने, आणि जिथे दगडच फुटला आहे तो भाग आडव्या रेघांनी भरा. जे दिसत नाही ते सममितीच्या मोहाने पूर्ण करू नका. मोजमापासाठी इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लांबी, रुंदी, खंडांची किंवा फांद्यांची संख्या, त्यांच्यातले कोन, आणि ठशाच्या लांब अक्षाची दिशा एवढ्या नोंदी घ्या.

इथे एक अडचण येते आणि बरेच नवखे ती विसरतात. जुने खडक पर्वतनिर्मितीत दाबले गेलेले असतात, त्यामुळे ठशांचे आकारही बदललेले असतात. मिस्टेकन पॉइंटला हे ठळक दिसतं. उपाय त्याच पृष्ठभागावर मिळतो. जीव तळाला धरून ठेवणाऱ्या चकत्या मुळात गोल होत्या असं धरायचं. त्या आता सगळ्या एकाच दिशेने लंबगोल दिसत असतील, तर तो खडकाचा दाब. समजा चकत्यांची लांबी सरासरी ३० मिलिमीटर आणि रुंदी २० मिलिमीटर आली, तर गुणोत्तर १.५. फोटो रुंदीच्या दिशेने दीडपट ताणला की चकत्या गोल होतात, आणि पानांचे कोनही मूळच्या जवळ येतात. यातून आकाराची प्रमाणं सुधारतात. मूळ लांबी किती होती हे मात्र या पद्धतीने सिद्ध होत नाही, हे लक्षात असू द्या. आणि चकत्यांचे लंबगोल वेगवेगळ्या दिशांना असतील तर ही दुरुस्ती करूच नका.

पाचवी पायरी : हा जीवच आहे ना?

मॅंगनीजची झाडासारखी नक्षी, गाळातून वायू किंवा पाणी बाहेर पडल्याच्या गोल खुणा, चिखलाच्या भेगा, खनिजांच्या गाठी, सूक्ष्मजीवांच्या चटईला पडलेल्या सुरकुत्या, हे सगळं जीवाश्म म्हणून खपून जाऊ शकतं. त्यातल्या सुरकुत्या तर खोट्याही नाहीत, कारण त्या सूक्ष्मजीवांच्याच आहेत. फक्त तो एखादा प्राणी नाही.

मी स्वतः पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारतो. हीच रचना दुसऱ्या नमुन्यात पुन्हा दिसते का? लहान-मोठ्या नमुन्यांत ती एका नियमाने बदलते का? तिची कड स्पष्ट आहे का? ती थराच्या पृष्ठभागावरच आहे, की भेगेतून आरपार जाते? आणि ती दगडाइतकीच जुनी आहे, की दगडावर नंतर येऊन चिकटली आहे?

शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे भीमबेटकाच्या प्रकरणात कळलं. तिथल्या एका गुहेच्या छतावर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, खंडांची लंबगोल आकृती दिसली आणि २०२१ साली ती डिकिन्सोनिया म्हणून प्रसिद्ध झाली. विंध्य खडकांचा वरचा भाग किती जुना यावर आधीच मोठा वाद आहे, त्यामुळे या शोधाचं वजन फार होतं. नंतर दुसरा गट तिथे गेला तेव्हा ती ‘आकृती’ खडकापासून सुटून पापुद्र्यांनी गळत होती आणि जवळपास मधमाश्यांची पोळी होती. २०२३ मध्ये जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी ती कुजणाऱ्या पोळ्याची खूण असल्याचं दाखवून दिलं. मूळ दाव्याचे प्रमुख लेखक ग्रेगरी रीटॅलॅक यांनी ते मान्यही केलं. मला या प्रकरणात त्यांची कबुली फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे वाद चिघळला नाही. आपल्यासाठी धडा असा की एकच नमुना, तोही हात न लावता फोटोवरून पाहिलेला, कितीही हुबेहूब असला तरी पुरेसा नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. न्यूफाउंडलंडच्या अ‍ॅस्पिडेला या चकत्यांचं वर्णन एल्काना बिलिंग्ज यांनी १८७२ सालीच केलं होतं. इतक्या जुन्या खडकात जीव कुठून येणार, म्हणून पुढे शंभरेक वर्षं अनेकांनी त्या निर्जीव खुणा ठरवल्या.

सहावी पायरी : एक जीव घेऊन खोलात जा

मी डिकिन्सोनियापासून सुरुवात करायला सांगेन. नमुने भरपूर आहेत, फोटो चांगले आहेत, आणि तो काही मिलिमीटरपासून मीटरभराहून मोठ्या आकारापर्यंत सापडतो, म्हणजे त्याची वाढ अभ्यासता येते.

चांगल्या नमुन्याचा फोटो मोठा करून मधल्या रेषेवर नजर ठेवा. दोन्ही बाजूंना चिंचोळे खंड पंख्यासारखे पसरलेले दिसतात. एका टोकाला ते रुंद, दुसऱ्या टोकाकडे अधिकाधिक बारीक होत जातात, इतके की शेवटचे मोजताना भिंग लागतं. आता डाव्या बाजूचा एक खंड पकडून मधल्या रेषेपर्यंत या आणि तो उजवीकडच्या खंडाला समोरासमोर भिडतो का ते पाहा. काही नमुन्यांत तो अर्ध्या खंडाने सरकलेला वाटतो. हे सरकणं मुळातलं की दबून आलेलं, यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, कारण आपल्या ओळखीच्या द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या प्राण्यांमध्ये डावं-उजवं असं एकाआड एक नसतं. नवे खंड नेमके कोणत्या टोकाला जोडले जात होते, यावरही एकमत नाही.

तुम्ही हे स्वतः तपासू शकता. जितके चांगले फोटो मिळतील तितक्यांची लांबी आणि खंडांची संख्या मोजा आणि आलेख काढा. लांबीबरोबर खंड वाढत राहतात, की एका आकारानंतर संख्या थबकते आणि असलेले खंडच फुगतात? याचं उत्तर आलेखाच्या वळणात मिळतं. वेगवेगळ्या जातींचे नमुने एकाच आलेखात मिसळू नका, नाहीतर वळण फसवं येतं.

मग किंबरेलाकडे वळा. तिचं शरीर एकटं पाहिलं तर गोंधळ उडतो. पण तिच्या आसपास चटईवर पंख्याच्या आकारात ओरखडे सापडतात. काहीतरी कठीण अवयव पुढे करून ती अन्न खरवडत होती, हे त्या ओरखड्यांवरून कळतं. शरीरापेक्षा वागणुकीची खूण जास्त बोलकी ठरते, ती अशी.

सातवी पायरी : कुजण्याचा हिशेब धरा

एकाच जीवाच्या कुजण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळी नावं दिली गेल्याची उदाहरणं इथे आहेत. चार्नवुडमधल्या आयव्हशेडिया या ओबडधोबड, गाठीगाठींच्या आकारांना बराच काळ स्वतंत्र जीव मानलं गेलं. आता ते राखेखाली गाडले जाण्याआधीच मेलेल्या आणि बऱ्यापैकी कुजलेल्या पानांसारख्या जीवांचे अवशेष असावेत, असं मानणारा मोठा गट आहे. नवीन नमुना ‘नवी जात’ वाटला, तर आधी तो जुन्याच जातीचा सडलेला नमुना नाही ना, हे पाहा.

आठवी पायरी : एका ठशावर थांबू नका, सगळा पृष्ठभाग वाचा

या विषयातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट ही. बहुतेक जीवाश्म वाहून, फुटून, मिसळून आपल्यापर्यंत येतात. इथे मात्र राखेने किंवा वाळूने एका क्षणी अख्खा समुद्रतळ जागच्या जागी झाकून टाकला. कोण कोणाच्या शेजारी होतं, हे तसंच शिल्लक आहे. मिस्टेकन पॉइंटच्या एकाच पृष्ठभागावर हजाराहून जास्त जीव आहेत.

तिथलाच फ्रॅक्टोफ्यूसस हा चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता जीव. त्याच्या एका जातीला मिसराय म्हणतात. १९६७ साली न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात शिकणारे भारतीय विद्यार्थी शिवबालक मिश्र यांना हे ठसे पहिल्यांदा सापडले, त्यांच्या सन्मानार्थ ते नाव दिलं. २०१५ साली एमिली मिचेल आणि सहकाऱ्यांनी अशा पृष्ठभागांवरच्या प्रत्येक फ्रॅक्टोफ्यूससची जागा मोजून त्यांच्यातली अंतरं तपासली. मोठे नमुने कसेही विखुरलेले, मध्यम नमुने मोठ्यांभोवती गोळा झालेले, आणि लहान नमुने मध्यमांभोवती. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मोठे जीव पाण्यातून वाहत येऊन रुजले असावेत आणि पुढच्या पिढ्या धुमाऱ्यांसारख्या शेजारीच फुटल्या असाव्यात. सुमारे ५६.५ कोटी वर्षांपूर्वीचं प्रजनन निव्वळ अंतरं मोजून समजलं.

याची छोटी आवृत्ती तुम्हीही करू शकता. प्रसिद्ध झालेल्या एखाद्या पृष्ठभागाचा नकाशा घ्या, प्रत्येक नमुन्याचे क्ष आणि य निर्देशांक नोंदवा, आकारानुसार तीन गट करा आणि प्रत्येकाचं सर्वांत जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर काढा. मग तेवढेच बिंदू संगणकाने यदृच्छया विखरून तुलना करा. एक काळजी घ्या. दगडाचा काही भाग झिजलेला असेल तर तिथले नमुने नाहीसे झालेले असतात आणि उरलेले विनाकारण गटात असल्यासारखे दिसतात. म्हणून झिजलेला भाग नकाशावर आधी वेगळा रंगवा.

नववी पायरी : वय आणि रसायन

वयाबद्दल थोडक्यात. ज्वालामुखीच्या राखेत झिर्कॉन या खनिजाचे कण असतात. ते तयार होताना युरेनियम आत घेतात, शिसं जवळजवळ घेत नाहीत. पुढे युरेनियमचं शिसं होत जातं आणि दोघांच्या प्रमाणावरून वय निघतं. हे वय राखेचं असतं, जीवाश्माचं नव्हे. राख जीवाला थेट झाकत असेल तर दोन्ही एकच, नाहीतर वरच्या आणि खालच्या राखेच्या मधला काळ एवढंच म्हणता येतं. व्हाइट सीच्या एका राखेचं वय ५५.५३ कोटी वर्षं निघालं आहे. फ्लिंडर्समध्ये जीवाश्मांच्या थरात अशी राख नाही, म्हणून तिथलं वय इतर ठिकाणच्या थरांशी तुलना करून ठरवतात. शोधनिबंध वाचताना दिलेलं वय मोजलेलं आहे की तुलनेने काढलेलं, हे नक्की पाहा.

रसायनाने मात्र एका मोठ्या वादाचा निकाल जवळजवळ लावला. व्हाइट सीच्या काही डिकिन्सोनियांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ पापुद्रा शिल्लक होता. इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली त्यातले रेणू तपासले, तेव्हा स्टेरॉइडांमध्ये जवळजवळ सगळा वाटा कोलेस्टेरॉलपासून बनलेल्या रेणूंचा निघाला. आजूबाजूच्या चटईत मात्र हिरव्या शैवालाचे रेणू जास्त होते. कोलेस्टेरॉलचं असं वर्चस्व प्राण्यांची खूण आहे. त्याआधी डिकिन्सोनियाला कोणी दगडफूल म्हटलं होतं, कोणी अवाढव्य एकपेशीय जीव. अडॉल्फ झायलाखर यांनी तर या सगळ्यांना प्राण्यांपासून वेगळा, नामशेष झालेला गट मानलं होतं. या अभ्यासातलं शिकण्यासारखं म्हणजे शेजारच्या चटईचं विश्लेषणही तितक्याच काटेकोरपणे केलं होतं. तुलनेला ते नसतं, तर त्या पापुद्र्यातलं कोलेस्टेरॉल नक्की कोणाचं, हे सांगताच आलं नसतं.

जागेवर जायची वेळ आली तर

मिस्टेकन पॉइंट २०१६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं आणि जीवाश्मांच्या पृष्ठभागावर बूट घालून चालता येत नाही. इतर महत्त्वाच्या जागाही कायद्याने संरक्षित आहेत. दगड उचलू नका, घासू नका, खडूने कडा रंगवू नका, परवानगीशिवाय सिलिकॉनचा साचा घेऊ नका. साचा निघताना दगडाचा पापुद्राही येऊ शकतो. कुठे नवीन काही दिसलं तर मोजपट्टीसह फोटो घ्या, जागा अचूक नोंदवा आणि ती समाजमाध्यमांवर टाकण्याऐवजी जवळच्या विद्यापीठाला किंवा भूशास्त्र सर्वेक्षणाला कळवा. लादी एकदा जागेवरून हलली की तिचा माथा कुठला, तळ कुठला आणि शेजारी कोण होतं, ही माहिती कायमची जाते. अशा तुकड्याला शोभेच्या वस्तूइतकीच किंमत उरते.

नाव सगळ्यात शेवटी

आता तुमच्या वहीत बाजू, उठाव, उजेड, मोजमाप, ताणाची दुरुस्ती, शेजारी आणि वय असं सगळं आहे. मग जातीच्या मूळ वर्णनाशी ताडून पाहा आणि कोणते गुण जुळले, कोणते दिसतच नाहीत, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ असं होत नाही. वंशाबद्दल लिहितानाही पायऱ्या ठेवा. तो जीव होता, प्राणी होता, अमुक गटातला प्राणी होता, ही तीन वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. किंबरेलाबाबत तिसऱ्या पायरीवर अजून वाद आहे. चार्नियासारखी पानं प्राणी असावीत याकडे कल वाढतो आहे, पण त्यांना तोंड नाही, आतडं नाही, आणि ती जिथे राहत होती तिथे सूर्यप्रकाश पोचत नव्हता, म्हणून वनस्पतीही नाहीत.

डिकिन्सोनियानंतर चार्निया घ्या आणि तिच्या फांदीवरची फांदी, तिच्यावरची फांदी असं जाता येईल तितकं आत जा. नुसत्या चकत्या अगदी शेवटी घ्या. त्यांच्यात गुण सर्वांत कमी असतात, वेगवेगळ्या जीवांची बूड सारखीच दिसते आणि निर्जीव खुणाही तशाच गोल असतात, त्यामुळे वरच्या सगळ्या पायऱ्या हातात बसल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही लिहायला जाऊ नका.